बाळगोळी, पाळणाघर आणि बोलके यंत्र



मूल वाढविण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्ता आईबापांना कितपत साहाय्य करील, हा आजचा विषय आहे. यावर यंत्रशास्त्राच्या आणि बालमानसशास्त्राच्या जाणकारांनी बोलावे हे उचितच. पण या विषयाची एक बाजू इतिहासाची आहे, आणि तो इतिहास कामगारवस्तीत घडलेला असल्यामुळे त्याबद्दल चार शब्द सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या चळवळीतल्या माणसाला आहे असे मी समजतो. आईबापांच्या मदतीला धावून आलेले हे काही पहिलेच साधन नव्हे. यापूर्वी कोणकोणती साधने आली, ती कोणी आणली आणि त्यांनी नेमकी कोणाची सोय केली, हे पाहिल्यावाचून नव्या साधनाची पारख व्हावयाची नाही.

शंभर वर्षांमागील मुंबईपासून आरंभ करू. त्या वेळी कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रिळे भरणे, सूत गुंडाळणे ही त्यांची मुख्य कामे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरविलेला होता. त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि घरची चूल मिळविली म्हणजे त्या बाईजवळ मुलासाठी काय उरत असेल याचा हिशेब आपणच करावा. १९२१-२२ साली डॉक्टर फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंनी सरकारच्या वतीने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. ही अफू ‘बाळगोळी’ या नावाने विकली जाई. गोळी दिली की मूल पाळी सुटेपर्यंत गुंगीत पडून राही.

याच सुमाराचा आणखी एक आकडा आहे. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली. हा आकडा वाचताना थोडी सावधगिरी हवी. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जात. जन्म गावी होई आणि मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरी पडे. शहरातलेही सगळे जन्म नोंदले जात नसत. ती सूट द्या, तरी जे उरते ते अंगावर काटा आणणारेच आहे. त्यातही एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती सर्वांत वाईट होती.

या गोळीबद्दल त्या काळच्या सुशिक्षितांनी आईला बोल लावला. ती अडाणी आहे, तिला आरोग्याचे ज्ञान नाही, असे म्हटले. परंतु थोडा विचार करा. खोली दहा बाय दहाची, सांभाळावयास सासू असली तर गावी, आणि भोंगा झाल्यावर दार बंद होणारी गिरणी. मूल रडले तर शेजारीण किती दिवस उचलून घेईल? त्या बाईला गोळीचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते असे मी मानीत नाही. तिला तिच्या पगाराचा आणि पाळीचा हिशेबही ठाऊक होता. गोळीने मुलाचे संगोपन होत नव्हते. मूल गिरणीच्या वेळापत्रकात बसविले जात होते. मदत आईला झाल्यासारखी दिसे, पण खरी सोय मालकाची होई, आणि अबकारीचा पैसा सरकारी तिजोरीत पडे.

ही गोळी आईच्या हातून सुटावी म्हणून उपदेश पुष्कळ झाले. पण उपदेशापेक्षा दोन गोष्टी अधिक मोलाच्या ठरणाऱ्या होत्या, आणि त्या म्हणजे वेळ आणि माणूस. वेळेसाठी पहिला झगडा नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणून केला. ते फेटाळले गेले. मुंबई कायदेकौन्सिलात मात्र असे विधेयक आले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉक्टर आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. १९२९ साली कायदा झाला आणि रोजी आठ आणे मिळू लागले. पण सारा भार मालकावरच टाकला गेल्यामुळे व्हावयाचे तेच झाले. बायांना कामावर घेणेच पुढे कमी होत गेले. हा धडा आपण अजून पुरता शिकलेलो नाही.

दुसरी गोष्ट माणसाची, म्हणजे पाळणाघराची. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना तशी सक्ती करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली आणि शिकविलेली बाई ठेवणे बंधनकारक केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली व पन्नास नोकर असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची अट लागली. ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली आहे. परंतु घरकाम करणारी, नाक्यावर उभी राहणारी, घरबसल्या नगावर माल तयार करणारी बाई कोणत्याच पन्नासांत मोडत नाही. तिचे मूल कोठे आहे, हे विचारणारा रकाना कोणत्याही हजेरीपटात नाही.

ते मूल शोधण्याचे काम केले ते शिक्षकांनी. १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम उभारले, आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्याच. आदिवासी पाड्यावरचे मूल बालवाडीत येत नाही हे पाहून ताराबाईंनी मुलाला दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालविली. साधनाने माणसापाशी जावे, माणसाची साधनाच्या सोयीने मोडतोड होऊ नये, हे तत्त्व त्यात आहे. बाळगोळीच्या अगदी उलट दिशेची ही वाट होय. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला.

आता नव्या यंत्राकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि माणसासारखे बोलणारे यंत्र साध्या फोनवर मिळू लागले. यंत्राशी बोलताना आपण माणसाशीच बोलतो आहोत असे वाटू लागते, हे जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने १९६६ सालच्या आपल्या ‘एलायझा’ या छोट्या यंत्रकार्यक्रमावरून ओळखले होते, आणि त्याला त्याची धास्ती वाटली होती. तेव्हाचे यंत्र वाक्ये उलटवून परत विचारी, इतकेच. आजचे मराठीत गोष्ट सांगते, गणित सोडविते, आणि दमत नाही.

याचे फायदे नाकारण्यात शहाणपण नाही. चौथी शिकलेल्या बापाने शाळेची सूचना फोनपुढे धरली तर ती त्याला वाचून दाखविली जाईल. इंग्रजी शाळेत घातलेल्या पोराचा अभ्यास आईला मराठीत समजेल. लसीची तारीख लक्षात राहील. ज्या घरात ऐकू न येणारे किंवा उशिरा बोलणारे मूल आहे, तेथे तर हे साधन मोठाच आधार देईल. पिढ्यान्‌पिढ्या जे ज्ञान पैसेवाल्यांच्या घरी डॉक्टर आणि शिकवणी यांच्या रूपाने येत होते, त्यातले काही चाळीत येऊ शकते. कामगाराने याला हसू नये.

पण हेच यंत्र चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. तान्ह्याला ताप भरला असता त्याच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. आणि त्याहून मोठा धोका निराळा आहे. आज कामावरून थकून आलेली आई भाकरी टाकताना मुलाच्या हाती फोन देते, आणि मूल गप्प होते. हे कोणत्या गोष्टीसारखे आहे, ते सांगावयास नको. ही उपमा कठोर आहे, अफू विष आहे आणि फोन विष नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. मी वस्तूंची तुलना करीत नसून त्यांच्या जागेची करतो आहे. जेथे माणूस हवा होता, वेळ हवा होता, त्या जागी दोन्ही वस्तू बसविल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये. सल्ला योग्य आहे. पण बारा तास घराबाहेर असणाऱ्या आईबापांना नुसता सल्ला देणे म्हणजे १९२२ सालचा उपदेश पुन्हा करणे होय.

मग यंत्र योग्य जागी बसल्याचे उदाहरण आहे काय? आहे, आणि ते मुंबईचेच आहे. डॉक्टर अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापिलेल्या ‘अरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ नावाची सेवा आहे. गरोदर बाईला आणि मूल वर्षाचे होईपर्यंत आईला, तिच्या भाषेत, तिने सांगितलेल्या वेळी फोनवर आरोग्याचे संदेश ऐकविले जातात. पुष्कळ बायका काही दिवसांनी ते ऐकणे सोडून देत. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्वतः फोन करून विचारपूस केली तर त्या परत येत. पण बायका लाखोंनी आणि कार्यकर्त्या मूठभर. तेव्हा संशोधकांनी असे यंत्र बनविले की, या आठवड्यात कोणत्या बाईला माणसाने फोन केल्यास अधिक उपयोग होईल, ते त्याने सुचवावे. सुमारे २३,००० मातांवर केलेल्या प्रयोगात गळती तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली.

येथे यंत्र आईशी बोलत नाही आणि मुलाशी तर नाहीच. ते माणसाला दार दाखविते आणि बाजूला होते. बोलते ती बाईशी बाई. ताराबाईंच्या वाटेवरचे हे यंत्र आहे असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. तरीही एक प्रश्न उरतो. मूठभर कार्यकर्त्या कोणाला वाटावयाच्या हे यंत्राने उत्तम ठरविले. पण त्या मूठभरच का, हे यंत्र विचारीत नाही. टंचाईची वाटणी शहाणपणाने झाली म्हणून टंचाई संपत नसते. तो प्रश्न आपण विचारावयाचा आहे.

तो किती निकडीचा आहे हे अंगणवाडीकडे पाहिले की कळते. २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ हा कार्यक्रम सेविकांच्या फोनवर आला. त्याच वर्षी ऑगस्टात महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारचे फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन नादुरुस्त होते आणि माहिती इंग्रजीत भरावी लागे. त्या यंत्राविरुद्ध नव्हत्या. मुलाला जवळ घेण्याचा वेळ यंत्राला माहिती पुरविण्यात जातो, ही त्यांची तक्रार होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. परंतु त्यांच्या कामाचा मोबदला अद्याप ‘मानधन’ या सभ्य नावानेच दिला जातो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले. देशाचे मूल वाढविण्यासाठी यंत्रावर खर्च करावयाचा आणि मूल मांडीवर घेणाऱ्या बाईला वेतन म्हणावयाचे नाही, ही विसंगती कोणतीही बुद्धिमत्ता सोडवू शकणार नाही, मग ती कृत्रिम असो की सरकारी.

माहितीचाही प्रश्न आहे. मुलाशी बोलणारी ‘माय फ्रेंड कायला’ ही बाहुली जर्मनीने २०१७ साली बेकायदा ठरविली, कारण ती गुपचूप घरातले बोलणे बाहेर पोहोचवू शकत होती. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची खातरजमा केलेली संमती आवश्यक केली आणि मुलांवर नेम धरून जाहिरात करण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. पण वाचताच येत नाही अशा मजकुराखाली बोट टेकविणे ही संमती नव्हे, हे सावकाराच्या कागदावर अंगठा देणाऱ्यांच्या नातवंडांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. असे कोणतेही यंत्र घरात येईल तेव्हा प्रथम विचारा की हे मुलाला गप्प करण्यासाठी आहे की मुलाजवळ माणूस आणण्यासाठी. दुसरे, याने वाचलेला वेळ आईबापांच्या पदरी पडतो की जादा पाळीच्या रूपाने मालकाच्या. यंत्राने कारखान्यात वाचविलेले तास कामगाराला आपोआप कधीच मिळाले नाहीत. अकरा तासांचे नऊ झाले ते कायद्याने, आणि कायदा झाला तो संघटनेने. तिसरे, घरातले बोलणे कोणाच्या दप्तरी जाते. या तीन प्रश्नांची नीट उत्तरे देणाऱ्या यंत्राचे कामगारवस्तीने खुल्या मनाने स्वागत करावे. पण त्याच्यासोबत पाळणाघर, बेताचे कामाचे तास आणि अंगणवाडीच्या बाईला पुरते वेतन, ही जुनी मागणी सोडू नये. बाळगोळी देणाऱ्या आईपुढे दुसरा मार्ग ठेवला गेला नव्हता. तिच्या पणतीच्या हाती फोन आहे. तिच्यापुढे दुसरा मार्ग ठेवणे हे काम यंत्राचे नसून आपले आहे.