घड्याळजी जॉर्ज डॅनिअल्स

आपल्याकडे लग्नाची वेळ साधण्यासाठीं पाण्यांत घटिकापात्र सोडीत. चोवीस मिनिटांत तें भरून बुडे, आणि घटका भरली असें जोशीबुवा पुकारीत. त्या पात्राची सारी करामत त्याच्या तळाच्या छिद्रांत होती; छिद्र किंचित् मोठें झालें कीं काळ चुकला. खिशांतल्या घड्याळालाही असेंच एक मर्मस्थान असतें. स्प्रिंगचा जोर चक्रांतून येतो, आणि एक इवलीशी कळ शेवटच्या चक्राचा एकेक दांत अडवून सोडते. तीच टिकटिक. अठराव्या शतकाच्या मध्यास टॉमस मज या इंग्रज कारागिरानें काढलेली तरफेची कळ सुधारत सुधारत जगभर पसरली. परंतु तिच्यांत एक उणीव राहिली. दांत कळीवर घांसतो, म्हणून तेल लागतें. आणि तेल सुकलें कीं घड्याळाची चाल बिघडते.

ही उणीव घालविण्याचा ध्यास जॉर्ज डॅनिअल्सनें घेतला. त्याचा जन्म १९२६ चा, लंडनच्या वस्तींतील एका गरीब घरांत वाढलेला. लहानपणींच तो गाद्यांच्या कारखान्यांत लागला, पुढें सैन्यांत गेला, आणि १९४७ मध्यें तेथून सुटल्यावर घड्याळें दुरुस्त करूं लागला. ब्रेगेसारख्या जुन्या उस्तादांची घड्याळें उघडतां उघडतां त्याची विद्या वाढली. १९६९ मध्यें त्यानें स्वतःचें पहिलें घड्याळ पुरें केलें. जें काम एरवीं तीसांहून अधिक निरनिराळे कारागीर वांटून घेत, तें त्यानें एकट्यानें केलें.

त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं टोकिओंत क्वार्ट्झचें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आलें. पुढील दशकांत या विजेरी घड्याळांनीं स्वित्झर्लंडमधील कित्येक कारखाने बसविले. चावीच्या घड्याळाचा काळ संपला असें जग म्हणत असतां डॅनिअल्सनें नवी कळ काढली. तींत एकाच आंसावर दोन चक्रें असून दांत घांसण्याऐवजीं ढकलतो. त्यामुळें तेलाची गरज फार कमी होते. १९८० मध्यें तिचें पेटंट मिळालें. स्विस कारखानदारांनीं मात्र वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. अखेर १९९९ मध्यें ओमेगानें ती कळ बाजारांत आणली.

१९८२ मध्यें तो आयल ऑफ मॅन या बेटावर राहावयास गेला. त्याच वर्षाच्या त्याच्या एका घड्याळांत सौर काळ आणि नाक्षत्र काळ हे दोन्ही शेजारीं शेजारीं दिसतात. नाक्षत्र दिवस सुमारें चार मिनिटांनीं लहान असतो, हें पंचांग जाणणाऱ्यास सांगावयास नको.

रॉजर स्मिथ या तरुणानें स्वतः केलेलें पहिलें घड्याळ दाखविलें, तेव्हां डॅनिअल्सनें तें नापसंत केलें. त्यावर हाताच्या खुणा दिसत होत्या. स्मिथनें पुन्हा कित्येक वर्षें खपून दुसरें घड्याळ केलें, तेव्हां कुठें गुरूची मान डोलली. डॅनिअल्स २०११ मध्यें वारला. आयुष्यभरांत त्याच्या एकट्याच्या हातून चाळीसही घड्याळें झालीं नाहींत. त्या बेटावर स्मिथच्या कर्मशाळेंत मात्र अजून वर्षाकाठीं मोजकीं घड्याळें घडतात, आणि त्यांच्या पोटांत डॅनिअल्सचीच कळ चालते.