अल्पविषारी कीडनियंत्रण, हॉटेलांतील

हरित इमारतीचे प्रमाणपत्र घेऊ पाहणाऱ्या हॉटेलात झुरळे, ढेकूण, उंदीर यांचा बंदोबस्त शक्यतो औषधाविना, आणि औषध लागलेच तर सर्वांत सौम्य औषधाने करण्याची पद्धत. अमेरिकेतील ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या ‘लीड’ मानांकनाने वापरातील इमारतींसाठीच्या २००९ च्या आवृत्तीत हिची दखल घेतली. ‘अल्पविषारी’ कशाला म्हणायचे हे तिथे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या धोका-वर्गवारीतील तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी घातक श्रेणीवरून ठरते.

दरमहा ठरल्या तारखेला सरसकट फवारणी करण्याचे कंत्राट या पद्धतीत बसत नाही. आधी पाहणी आणि चिकट सापळे, मग गळके नळ व फटी यांची दुरुस्ती, औषध शेवटी. सहा मिलिमीटरच्या फटीतूनही लहान उंदीर आत शिरतो. म्हणून पाइपाभोवतीची भोके बुजवणे हे निम्मे काम.

स्वयंपाकघरातला खरा शत्रू जर्मन झुरळ. त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी ती उबण्याच्या बेतात येईपर्यंत अंगाशीच वागवते, आणि आतल्या अंड्यांपर्यंत फवारा सहसा पोचत नाही. बिजागरी, मोटारीमागची सांदी अशा जागी विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके लावणे जास्त उपयोगी. मात्र त्याच जागी कोणी हौसेने फवारा मारला, तर झुरळे जेलला तोंड लावत नाहीत आणि दोन्ही खर्च वाया जातात.

ढेकणांच्या अनेक वाणांना पायरेथ्रॉइड औषधे आता पुरेशी लागू पडत नाहीत. गादीच्या शिवणीत किंवा पलंगाच्या उशाकडील फळीमागे काळे ठिपके दिसले, की ती खोली बंद ठेवून काही तास ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. शेजारच्या आणि वरच्या-खालच्या खोल्याही तपासाव्या लागतात.

२००९ च्या आवृत्तीनुसार, एरवी अल्पविषारी नसलेले औषध वापरण्याच्या ७२ तास आधी आणि आणीबाणीत वापरानंतर २४ तासांत इमारतीतील लोकांना कळवावे लागते. ‘तीन दिवसांनी औषध मारणार आहोत’ असे पाहुण्यांना सांगणे कोणत्याच व्यवस्थापकाला रुचणारे नाही. त्यामुळे हीच अट फवारणी टाळायला सर्वांत जास्त भाग पाडते. लोकांच्या हाती न लागणाऱ्या बंद डबीतील आमिषाला आणि नजरेआड लावलेल्या जेलला यातून सूट आहे. उंदरांच्या विषारी आमिषाला ती नाही.

भारतात व्यावसायिक कीडनियंत्रणासाठी कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवाना लागतो.