जयपूरचे लाकूडकाम आणि ‘कारखाना’ या शब्दाची मर्यादा

जयपूरच्या लाकूडकामाचा इतिहास सांगताना सांगानेरी छपाईच्या कोरीव ठशांचा उल्लेख आवर्जून होतो; विजेवर चालणाऱ्या करवतीखाली गेलेली बोटे त्यात क्वचितच येतात. याचे एक कारण ‘कारखाना’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत आढळते.

१८८१ च्या कायद्याने यांत्रिक शक्ती वापरणारे, किमान १०० कामगारांचे कारखानेच कक्षेत घेतले. ही मर्यादा १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २० आणि १९४८ मध्ये १० झाली. दरम्यान, जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत मांडली होती.

१९४८ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण सक्तीचे केले. गोल करवतीच्या पात्यामागील पातळ पाचर चिरलेली फळी पात्यावर आवळू देत नाही. ती नसल्यास फळी उसळते आणि हात पात्यावर जाण्याचा संभव असतो. भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावणे म्हणजे ३० टक्के, तर्जनी गमावणे म्हणजे १४ टक्के कमाईक्षमतेची हानी मानली गेली.

राजस्थानने २०१४ मध्ये ही मर्यादा पुन्हा २० केली. परिणामी, विजेवर चालणारी दहा ते एकोणीस कामगारांची सुतारशाळा त्या व्याख्येबाहेर गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या केंद्रीय संहितेने हाच आकडा देशभर लागू केला. सहा दशकांहून अधिक काळात खाली आलेली मर्यादा अशा रीतीने १९२२ च्या आकड्यावर परतली. कामगार कमी असले, तरी पात्याची धार कमी होत नाही.