उंबऱ्यातला गंज: एमजीबी घेण्याआधी वाचलेला इतिहास



"एवढ्या पैशात चांगली वापरलेली टोयोटा आली असती," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की आता त्याला चाल लावायची तेवढी बाकी आहे. तरीही दोन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडात मी जुनी एमजीबी घेतली. बजेट पाच हजार पौंड, आणि तेही स्वयंपाकघराच्या कामासाठी बाजूला ठेवलेले. म्हणजे चूक परवडणारी नव्हती. त्या खटाटोपात एक गोष्ट शिकलो: खिसा हलका असेल तर आधी गाडीचा इतिहास वाचावा. ती कुठे गंजणार आणि कुठली स्वस्त पडणार, दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसचा हा व्यवसाय. तिथला मॅनेजर सेसिल किंबर याने १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर सुबक बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. १९२९ साली कारखाना जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावी गेला. घरगुती गाडीचे भाग वापरून पगारदार माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार बनवायची, हे सूत्र शेवटपर्यंत टिकलं. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बनल्या. म्हणूनच आजही तिचे सुटे भाग सहज मिळतात, आणि माझ्यासारख्याची हिंमत होते.

आता गंजाकडे. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, वर बॉडी. सिड एनेव्हर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमजीबीला चासीच ठेवली नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. आत जागा वाढली. पण उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसतो. सगळा भार येतो दाराखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर. आपण त्याला गाडीचा उंबरा म्हणू. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आत साठतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि उंबरा आतून कुजतो. बाहेरून रंग झकास!

मी पहिली पाहिली ती लाल, क्रोमच्या बंपरची, उघड्या टपाची. बघताक्षणी प्रेमात. सुदैवाने बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. बाबा जिल्हा परिषदेत ड्रायव्हर होते. उभी नोकरी पेट्रोलच्या अ‍ॅम्बॅसेडरवर गेली. मी त्यांना बॉनेट उघडून दाखवलं. ते वाकले, दोन मिनिटं ऐकत राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्याच गाडीचं इंजिन!"

मला वाटलं, बाबांचं काहीतरीच. घरी येऊन शोधलं तर बाबा बरोबर. अ‍ॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. मग बाबांनी मला धडेच दिले. गाडी थंड असताना चालू करायला लावायची. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर का, ते विचारायचं. गरम इंजिनावर, गाडी चालत असताना, ऑइलचा काटा पन्नास पौंडांच्या आसपास हवा. आणि टॅपेट थोडे वाजलेले बरे. "गप्प बसलेल्या टॅपेटची भीती बाळगावी."

इंजिन पास झालं, उंबरा नाही. दार बंद ठेवून बाबांनी दाराखालच्या जागी जॅक लावला. गाडी उचलली जाऊ लागली तशी दाराच्या मागच्या कडेची फट मिटत गेली. सांगाडा वाकत होता. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून उंबऱ्यावर फिरवलं, तर अर्ध्या ठिकाणी चिकटेचना. "पत्रा नाही, लांबी भरलीय," बाबा म्हणाले. दोन्ही उंबरे नीट बदलायचे तर निम्म्याहून जास्त बजेट गेलं असतं. चासी नंबरात 'जीएचएन' नंतर 'एल' होता, म्हणजे मूळची डाव्या स्टिअरिंगची, परदेशी पाठवलेली. जाहिरातीत मात्र "जन्मापासून इंग्लंडात" लिहिलेलं. नमस्कार केला आणि निघालो.

आता स्वस्त कुठली? याचं उत्तर अमेरिकेत आहे. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या नव्या सुरक्षा नियमांसाठी १९७४ च्या शरदात क्रोमचे बंपर जाऊन जाड काळे बंपर आले आणि गाडी साधारण दीड इंच उंच झाली. वळणावर ती झुकू लागली, शौकीन नाराज झाले. ती नाराजी आजही किमतीत दिसते. पण १९७६ च्या मध्यापासून कंपनीने अँटी-रोल बार सुधारून हा दोष बराच कमी केला, हे कमी लोक लक्षात घेतात. शिवाय १९६५ पासून बंद टपाची 'जीटी' निघत होती. तिचं छत सांगाड्याला आधार देतं, आणि फॅशनमध्ये नसल्याने किंमतही उतरते. अमेरिकेत जीटीची विक्री १९७४ नंतर थांबली, त्यामुळे काळ्या बंपरची जीटी बहुधा इथेच राहिलेली असते.

अ‍ॅबिंग्डनचा शेवट मात्र चटका लावणारा. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी साजरी केली आणि लगेच मालक ब्रिटिश लेलँडने तिथलं गाड्यांचं उत्पादन बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. आपल्याकडची अ‍ॅम्बॅसेडर त्यानंतरही २०१४ पर्यंत निघत राहिली!

शेवटी मी १९७७ ची जीटी घेतली, मातकट रंगाची. चार हजार दोनशे पौंड. दाराची फट जॅकवरही हलली नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. कारखान्याच्या नोंदीशी नंबर जुळले. जुन्या एमओटी तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, तो जरूर वाचा. फक्त ४० वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, म्हणून अलीकडची पानं कोरी असू शकतात. कोरं पान म्हणजे निर्दोष गाडी नव्हे.

बाबांचं नाव विम्यात घालायला थोडे जास्त पैसे पडले. घातलं. पहिल्या रविवारी चावी त्यांच्या हातात दिली तर त्यांनी सवयीने विचारलं, "कुठं जायचंय?" म्हटलं, "तुम्ही न्याल तिकडे." ते जरा थांबले, मग गिअर टाकला.

स्वयंपाकघराचं काम अजून व्हायचंय. असो. चूकभूल द्यावी घ्यावी. गाडी बघायला जाताना लोहचुंबक, रुमाल आणि जमल्यास एक बाबा सोबत न्यावेत.