पाण्याची वेळ आणि टाकीची मालकी

हिरवळीला आपोआप पाणी घालणारा टायमर बसवणं तसं अवघड काम नाही. भिंतीवर एक छोटी पेटी लागते. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्ट विजेचे 24 व्होल्ट करतो आणि पेटीतून निघालेल्या तारा जमिनीतल्या झडपांपर्यंत जातात; प्रत्येक झडपेला स्वतंत्र तार आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक तार. मग पेटीला चार गोष्टी सांगायच्या: आत्ता किती वाजले, कोणत्या वारी पाणी द्यायचं, किती वाजता सुरू करायचं आणि कोणत्या तुकड्याला किती मिनिटं. पाणी पहाटे द्यावं असं माळीही सांगतो आणि यंत्रासोबत आलेली पुस्तिकाही. तेव्हा वारा पडलेला असतो, बाष्पीभवन कमी होतं, आणि ऊन वर आलं की पाती सुकतात, त्यामुळे बुरशी धरत नाही. ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेल्या डिलाईल रोडवर, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पोडियमवर अशा हिरवळी आहेत. आणि मुंबई महापालिका जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी ज्या जाहीर सूचना काढते, त्यांत गेल्या काही वर्षांत डिलाईल रोड परिसराची नेहमीची वेळ पहाटे 4.30 ते सकाळी 7.45 अशी दिलेली आढळते. गवताची वेळ आणि माणसांची वेळ एकच. गवतासाठी ती गवताच्या सोयीने निवडलेली आहे. माणसांसाठी ती कुणाच्या सोयीने ठरली, हे शोधायला गेलं की या रस्त्याचा बराचसा इतिहास हाती लागतो. तो पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की इथे पाणी किती मिळालं याइतकाच ते कधी मिळालं हा प्रश्न मोठा होता, आणि हे ‘कधी’ ठरवण्याचा अधिकार टाकीच्या मालकाकडे राहत आला.

आधी यंत्रामागचा विचार. बागेचे तुकडे पाडून एकेका तुकड्याला आळीपाळीने पाणी देतात, कारण सगळे फवारे एकाच वेळी उघडले तर नळातला दाब पुरत नाही. पाणी फवाऱ्याच्या तोंडाशीच गळून पडतं. मुंबई महापालिकाही नेमकं हेच करते. शहराचे शेकडो विभाग पाडलेले आहेत, आणि चावीवाले नावाचे पालिकेचे कामगार लांब दांड्याच्या चाव्या घेऊन रस्त्याखालच्या झडपा ठरल्या वेळी उघडतात, ठरल्या वेळी बंद करतात. एका भागाची चावी सुटते तेव्हा दुसऱ्या भागाची बंद होते. अभ्यासक निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावरच्या आपल्या पुस्तकात या माणसांबद्दल आणि वेळापत्रक आखणाऱ्या अभियंत्यांबद्दल तपशिलाने लिहिलं आहे. ही पद्धत शहरानेही नव्याने शोधलेली नाही. डिलाईल रोडवर आलेला सातारा-कोल्हापूरकडचा कामगार ज्या गावांतून आला, त्या मुलखात पाटाचं पाणी पाळीनेच मिळायचं; पाटकरी येऊन दार उघडायचा आणि आपली पाळी रात्री दोनला आली तर शेतकरी रात्री दोनला बांधावर उभा असायचा. तेव्हा घड्याळाने पाणी सोडणं ही अमेरिकन बागेची देणगी आहे, असं समजायचं कारण नाही. ऑर्टन एंगलहार्टने 1933 मध्ये आपला फिरता फवारा बनवला तो मात्र कॅलिफोर्नियात, कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात. इथे तीच पेटी पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवावी लागते, किंवा पावसाचा सेन्सर जोडावा लागतो. ते विसरलं की भर जुलैत पाऊस कोसळत असताना फवारे उडतात.

मुंबईत नळ आला तो टंचाईतून. 1854 च्या दुष्काळात शहराला आगगाडीने आणि होड्यांनी पाणी आणावं लागलं. त्यानंतर हेन्री कॉनीबेअरच्या योजनेतून विहार तलाव झाला आणि 1860 मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. 1879 मध्ये तुळशी, 1892 मध्ये तानसा. याच दशकांत परळ, लालबाग, लोअर परळ या पट्ट्यात गिरण्या उभ्या राहत होत्या, आणि गिरणीला पाणी लागायचं ते पिण्यापुरतं नव्हे. वाफेच्या इंजिनाचे कंडेन्सर थंड करायला तळं हवं. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2 आणि 3 च्या आवारातलं तळं अजून आहे. विणकाम खात्यात हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून तिथे पाण्याचा बारीक फवारा सोडून दमटपणा राखला जायचा. कापसाला आग लागण्याची भीती तर कायमची, म्हणून छताला स्प्रिंकलर आले. अमेरिकेत फ्रेडरिक ग्रिनेलने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला सुधारलेल्या या फवाऱ्याचे हक्क मँचेस्टरच्या मेदर अँड प्लॅटने घेतले, आणि कापड गिरण्यांच्या जगात तो सर्वत्र पोचला. त्याच्या तोंडावरचा मिश्रधातूचा सांधा सुमारे 68 अंश सेल्सिअसला वितळतो आणि पाणी आपोआप सुटतं. पण ते सुटायला डोक्यावर कायम भरलेली टाकी पाहिजे. गिरण्यांच्या इमारतींवर चौकोनी मनोऱ्यांतल्या ज्या टाक्या दिसायच्या, त्या यासाठी. गिरणगावातला पहिला स्वयंचलित फवारा हिरवळीवर नव्हता, सूतखात्याच्या छताखाली होता, आणि दिवसाचे चोवीस तास सज्ज होता. शहराचा नळ केव्हा येतो याची त्याला फिकीर नव्हती, कारण तळं गिरणीचं होतं आणि टाकीही गिरणीची होती.

त्या छताखाली काम करणाऱ्या माणसाच्या घरची गोष्ट वेगळी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झालं आणि त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड इथे मिळून 207 चाळी बांधल्या. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून त्यासाठी पैसा उभा केला गेला. डिलाईल रोडच्या वाट्याला 32 चाळी आल्या; तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत 80 खोल्या, एक खोली सुमारे 160 चौरस फुटांची. संडास मजल्याला सामाईक, पाण्याची सोयही सामाईक. खोली सरकारची, भिंत सरकारची, नळ सरकारचा. भाडेकरूच्या मालकीचं काय, तर पिंप, हंडा, कळशी. पाणी साठवायची त्याची ताकद तेवढीच. म्हणून नळाला पाणी असेल तेव्हा कुणीतरी नळापाशी असणं भाग, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातली बाई. पुढच्या काळात पुरुषाची पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. सातच्या भोंग्याआधी डबा व्हायचा, डब्याआधी चूल पेटायची, चुलीआधी पाणी भरून व्हायचं. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, म्हणजे अनेक घरांत पाणी भरणारी बाईच पुढे वाइंडिंग खात्यात उभी राहत होती. जिच्या घरी खानावळ होती तिला दहा-पंधरा गड्यांचं जेवण रांधायचं असे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी. मजुरीच्या हिशेबात ही पहाट कधी धरली गेली नाही. 1911 च्या कायद्याने कापड गिरणीतला प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, 1922 च्या कायद्याने अकरावर, 1934 च्या कायद्याने दहावर. या प्रत्येक कपातीमागे लढे आहेत, चौकशी समित्या आहेत, ज्यांचं नाव आज या रस्त्याला आहे त्या नारायण मल्हार जोशींसारख्यांचं विधिमंडळातलं काम आहे. नळावरच्या तासांना मात्र असा कायदा नाही.

वेळ कुणाची, हा वाद गिरणी कामगारांनी फार आधी उघडपणे मांडला होता, हे इथे आठवायला हवं. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या 39 मिनिटं मागे होती. गिरण्यांनी नवी वेळ धरली की कामगाराला सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटं आधी फाटकावर हजर व्हावं लागणार. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम थांबवलं, गिरण्यांवर दगड पडले, आणि निषेध शहराच्या मध्यापर्यंत पोचला. महापालिकेने आपल्या घड्याळांपुरती मुंबईची वेळ पुढेही धरून ठेवली. 39 मिनिटांसाठी एवढं का, असं आज वाटेल. पण ज्याला अंधारात उठून पाणी भरून, खाऊन, चालत गिरणी गाठायची आहे त्याच्या झोपेतूनच ती 39 मिनिटं जात होती.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून संपल्या आणि जमिनीचा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाचा ढोबळ हिशेब असा होता की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी आवारातल्या फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित नियम कायम ठेवला. मुंबईतली गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. त्यातून शहराला जी मैदानं मिळू शकली असती, त्यांतली कितीतरी हिरवळ आज कुंपणाआड पोडियमवर आहे. अपोलो मिल, मथुरादास मिल ही नावं या रस्त्यावर पत्त्यांपुरती राहिली. गिरणीच्या टाकीच्या जागी टॉवरची टाकी आली, एक जमिनीखाली आणि एक गच्चीवर. पालिकेचं पाणी पहाटे येवो वा दुपारी, ते टाकीत पडतं आणि तिथून पुढे त्याला वेळ राहत नाही. टायमर अशा टाकीच्या जोरावर चालतो. त्याला सततचा दाब लागतो, आणि मुंबईच्या रस्त्याखालची नळी तो देत नाही. टाकी आणि पंप देतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो पाण्याच्या उगमाचा. मोठ्या संकुलांना पर्यावरण परवानगीच्या अटींनुसार सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरावं लागतं, मग त्या फवाऱ्यांनी चाळीचं पाणी कुठे पळवलं? हे मान्य करायला हवं. जिथे यंत्रणा खरोखर चालू आहे तिथे तो आरोप टिकत नाही. आकडा मात्र मनात असावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तर हजार चौरस मीटरला पाच हजार लिटर लागतात, म्हणजे माणशी 135 लिटरच्या मापाने सदतीस जणांचं दिवसाचं पाणी. आणि माझा मुद्दा लिटरचा नाहीच. हे पाणी पूर्णपणे पुनर्वापराचं असलं तरी ते कधी सुटावं हे संकुलाच्या व्यवस्थापनाने निवडलं आहे. समोरच्या चाळीतल्या बाईने पहाटे साडेचार निवडलेले नाहीत.

दुसरा आक्षेप अभियंत्याचा असेल, आणि तो अधिक वजनदार आहे: मग चोवीस तास पाणी द्या आणि हा प्रश्नच मिटवा. तसा प्रयत्न झाला. 2014 नंतर वांद्रे-खार आणि मुलुंड भागांत चोवीस तास पुरवठ्याचं काम हाती घेतलं गेलं; शहर अजून पाळीवरच आहे. कारणं यंत्रांच्या अभावाची नाहीत. जुन्या नळांची गळती, डोंगर-उताराचे फरक, सात तलावांतून दिवसाला येणारं सुमारे 3850 दशलक्ष लिटर पाणी आणि त्याहून जास्त मागणी. झडपा विजेवर चालवल्या आणि चावीवाल्याच्या जागी संगणक बसवला, तरी पाळ्या उरतीलच. फक्त तक्रार घेऊन कुणाकडे जायचं हे कळेनासं होईल. चावीवाला निदान गल्लीत दिसतो. नगरसेवकाकडे जाऊन चावी अर्धा तास जास्त उघडी ठेवायला सांगता येतं. हे राजकारण आहे, त्यात अन्यायही होतात, पण ज्याची टाकी नाही त्याच्याकडे वेळेवर हक्क सांगायचा तेवढाच मार्ग होता.

तिसरं म्हणणं हळवं आहे आणि ते मला पटत नाही. सामाईक नळामुळे चाळीत माणुसकी होती, ओळखी होत्या, पहाटेच्या रांगेत सुखदुःखं बोलली जात, असं सांगितलं जातं. ओळखी होत्या हे खरं. भांडणंही त्याच नळावर झाली, आणि ज्या बाईला बाळंतपणानंतर तिसऱ्या मजल्यावर हंडा चढवावा लागला तिने त्या रांगेचं कौतुक केलं असेल असं मानायला आधार नाही.

आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर. वरळीच्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या, आणि डिलाईल रोडच्या चाळीही याच वाटेवर आहेत. शंभर वर्षांत पहिल्यांदा या वस्तीच्या डोक्यावर तिच्या स्वतःच्या मालकीची टाकी येणार आहे. तिच्यासोबत पंपाचं वीजबिल, टाकी धुण्याचा खर्च, सांडपाणी यंत्रणेची देखभाल आणि आवारात हिरवळ असेल तर तिच्या फवाऱ्यांचं वेळापत्रकही येईल. पाणी चोवीस तास सोडायचं की पंपाचा खर्च वाचवायला सकाळ-संध्याकाळ, हे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरेल. सदनिका अनेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर असते आणि सभेला तोच जातो. या एका विषयापुरता तरी घरात पाणी वापरणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सभेत बोलण्याचा हक्क ठरावाने दिला पाहिजे.