मार्गशीर्षातला तो गुरुवार

आमच्या आजोळी चार डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, दादामामा पेपर मन लावून वाचायचे. कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी केलेल्या हल्ल्याचं काही छापून आलं असलं तर कात्री मागायचे आणि कात्रण फडताळातल्या फायलीत ठेवायचे. पण त्यांचा खरा दिवस पाच दिवसांनी यायचा. नऊ डिसेंबरला रात्री ते जेवत नसत. का, असं आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही. मामी त्या दिवशी त्यांचं ताट मांडतच नसे आणि घरात कुणी मोठ्याने रेडिओ लावत नसे, एवढंच आम्हाला माहीत.

दादामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मालवणजवळच्या आमच्या वाडीतून नेव्हीत गेलेले ते पहिले की दुसरे, यावर अजून वाद होतो. भरती झाले ते स्टोकर म्हणून. बॉयलरची धग, तेलाचा वास आणि पायाखाली सतत थरथरणारी लोखंडी जाळी यांत त्यांची जवानी गेली, आणि त्यातली सगळ्यात आवडती वर्षं 'खुकरी'वर. हे जहाज विलायतेत बांधलेलं, १९५८ साली आपल्या नौदलात आलेलं. 'किरपाण' आणि 'कुठार' ही तिची भावंडं. पाणबुडी हुडकायची आणि मारायची, हे त्यांचं काम.

रजेवरून परत जाताना मामांच्या ट्रंकेत खाजं असे. गूळ आणि आल्याच्या पाकात घोळलेलं, जत्रेतलं, दाताखाली कडकड वाजणारं. आजी पत्र्याच्या डब्यात ते भरून वर फडकं बांधायची. मुंबई-गोवा बोटीवर कुणी कितीही मागितलं तरी मामा डबा उघडत नसत, तो मेसमध्येच उघडायचा. एक पंजाबी स्टोकर खाज्यातलं आलं काढून टाकायला जायचा आणि मग तेच चोखत बसायचा. केरळचा एक पोरगा दोन तुकडे रुमालात बांधून वॉचवर न्यायचा. वेंगुर्ल्याकडचा मामांचा जिवाभावाचा दोस्त आधी डब्याचा तळ बघायचा, चुरा त्याचा. ही माणसं मला मामांनी अशीच सांगितली, खाण्यावरून. नावं फार पुढे कळली.

लढाईच्या काही महिने आधी मामांना कोर्ससाठी लोणावळ्याला 'शिवाजी'वर पाठवलं. बाकीचे जहाजावर राहिले.

८ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' आणि 'किरपाण' पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघाल्या. 'कुठार' दुरुस्तीसाठी मुंबईतच थांबली होती. नऊ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवच्या समुद्रात 'हंगोर' या पाणबुडीचा टॉर्पेडो 'खुकरी'ला लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ६७ जण वाचले. खाली इंजिनाकडे जे होते त्यांना वर यायला वेळच मिळाला नाही, आणि खाली होते ते सगळे मामांचे.

आई सांगते, त्या संध्याकाळी घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडलेला होता. मी जुनं पंचांग काढून पाहिलं, नऊ डिसेंबर खरंच गुरुवार होता. ब्लॅकआउटमुळे खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि आजीने आरतीचं निरांजन हाताच्या आडोशाने धरलेलं. पुढच्या गुरुवारी उद्यापन. त्याच दिवशी ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. वाडीत साखर वाटली, गुलाल उडाला. मामांचं कार्ड त्यानंतर आलं की आधी, याबद्दल आई आणि मावशी यांचं एकमत नाही. कार्डात काय होतं ते मात्र दोघींना पाठ आहे: मी बरा आहे, खाजं पाठवू नये.

पुढल्या रजेत मामा वेंगुर्ल्याकडच्या त्या दोस्ताच्या घरी गेले. त्याची म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने मामांना बसायला पाट दिला आणि सांगितलं, "माझो झिल बुडाचो नाय. खाडीत पोवान मोठो झालो तो. पाकिस्तानान पकडून ठेवलो आसतलो, येतलो." युद्धकैदी सुटले तेव्हाही ती वाट बघत होती. राख नाही, अस्थी नाहीत, मग दिवस कसे घालायचे? भटजींनी पालाशविधी सुचवला, पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. ती नाही म्हणाली. बारा वर्षं ती थांबली आणि त्यानंतर एका सकाळी आपण होऊन भटजींना बोलावलं. पुतळ्याला अग्नी मामांनी दिला. घरात दुसरा पुरुषमाणूस उरला नव्हता.

दीवला चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर १९९९ साली स्मारक झालं. काचेच्या घरात 'खुकरी'ची छोटी प्रतिकृती आहे. त्यानंतर केव्हातरी जुने सात-आठ नौसैनिक तिथे जमले, आणि मामांबरोबर मी होतो. मामांनी काचेला बोट लावून मला दाखवलं, "हय आमचो बॉयलर." बोटाचा ठसा काचेवर उमटला तो त्यांनी धोतराने पुसला.

मग वणाकबाऱ्याच्या बंदरातून एका खारव्याची मच्छीमार बोट घेतली. जहाज बुडालं ती जागा चाळीसेक सागरी मैल दूर, तिथवर जाणं शक्य नव्हतं. किल्ला दिसेनासा झाला तसं तांडेलाने आपणहून इंजिन बंद केलं. बोट आडवी होऊन हेलकावे खायला लागली. केरळच्या एका निवृत्त पेटी ऑफिसरने शाळकरी वहीतून नावं वाचली. एका नावावर तो अडला तेव्हा दुसऱ्याने ते पुरं केलं. टेपरेकॉर्डरवर 'लास्ट पोस्ट' लावलं, बिगुलापेक्षा वाराच जास्त ऐकू येत होता. सगळे सावधान उभे होते. वाचलेल्यांपैकी एकजण मात्र उभा राहू शकला नाही, रॅकेलच्या डब्याला टेकून बसला. त्या रात्री नाकातोंडात गेलेलं तेल त्याला अजून आठवतं, डिझेलचा वास आला की त्याला मळमळतं. तरीही तो त्या धूर ओकणाऱ्या बोटीतून आला होता.

झेंडूच्या हाराला प्लॅस्टिकचा दोरा होता. मामांनी तो दातांनी तोडला, फुलं सुटी केली आणि वाऱ्याच्या आडबाजूने पाण्यात सोडली. मग पिशवीतून पत्र्याचा तोच जुना डबा काढला. खाज्याचे तुकडे त्यांनी एकेक करून टाकले, प्रत्येकाला हाक मारून, "घे रे." शेवटी डबा उलटा करून चुरा झटकला. पंजाबहून आलेले एक सरदारजी हमसून रडले. त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा त्यांनी समुद्रात टाकला नाही, खाल्ला. मामांना ते फार आवडलं. परतताना ते म्हणाले, "पोरांका एकट्यान जेवूची सवय नव्हती."

१९८९ साली नौदलात आलेली दुसरी 'खुकरी' डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता तीही दीवला आहे. ती बघायला मामा राहिले नाहीत. डबा माझ्याकडे आहे, नावांची वही केरळच्या त्या घरी. वेंगुर्ल्याच्या घरात आता म्हातारीच्या पुतण्याची सून नांदते. तिने दोस्ताला पाहिलेलंही नाही, पण नऊ डिसेंबरला तिचा फोन येतो. गेल्या वेळी म्हणाली, यंदा मुलांना घेऊन दीवला जायचंय, तारीख तुम्ही ठरवा, खाजं मात्र आमच्या जत्रेतलं.