बायझंटाईन साम्राज्याची चांदीची नाणी

बायझंटाईन साम्राज्याचे चलन प्रामुख्याने सोने व तांबे या धातूंवर आधारलेले होते. सुमारे साडेचार ग्रॅम वजनाचे 'सॉलिडस' हे सोन्याचे नाणे करभरणा व मोठ्या व्यवहारांसाठी, तर तांब्याचे 'फॉलिस' बाजारहाटासाठी वापरले जाई. सहाव्या शतकात चांदीची नाणी मुख्यतः समारंभप्रसंगी पाडली जात. ही स्थिती युद्धामुळे पालटली.

इ.स. ६१४ मध्ये इराणच्या ससानी फौजांनी जेरुसलेम जिंकले. खजिना रिता होत चालला असताना सम्राट हेराक्लियस याने ६१५ मध्ये 'हेक्साग्राम' हे सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे प्रचारात आणले. राज्यसेवकांचे वेतन निम्म्यावर आणून ते याच नाण्यात देण्यात येऊ लागले. नाण्याच्या एका बाजूस सम्राट व त्याचा पुत्र, तर दुसऱ्या बाजूस क्रूस असे. त्याभोवती लॅटिन भाषेत 'देव रोमनांना साहाय्य करो' अशी प्रार्थना कोरलेली असे. ६२२ च्या मोहिमेसाठी हागिया सोफिया या महामंदिरातील दीपवृक्ष व पात्रेही वितळवून त्यांची नाणी पाडण्यात आली.

सातव्या शतकाच्या अखेरीस हेक्साग्राम मागे पडले. पुढे तिसरा लिओ याने ७२० च्या सुमारास 'मिलिआरेसिऑन' हे पातळ व रुंद नाणे सुरू केले. बारा मिलिआरेसिऑनचे मूल्य एका सॉलिडसएवढे होते. त्यावर सम्राटाच्या मुखवट्याऐवजी एका बाजूस क्रूस व दुसऱ्या बाजूस केवळ ओळीने लिहिलेला मजकूर असे. अरबांच्या दिरहमचा हा प्रभाव होय. काही नाणी तर मूळ दिरहमवरच नवा ठसा मारून तयार केलेली आढळतात.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी व्हेनिसच्या नाण्याच्या धर्तीवर 'बॅसिलिकॉन' निघाले. त्याच शतकाच्या मध्यास सोन्याची नाणी बंद पडली आणि 'स्टाव्राटॉन' हे चांदीचे जड नाणे चलनाचा आधार बनले. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा दिला, तेव्हा अखेरचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाईन याने सैनिकांच्या वेतनासाठी चर्चमधील चांदी पुन्हा टांकसाळीत धाडली. हेराक्लियसला त्या चांदीने तारले होते. या वेळी मात्र राजधानी वाचली नाही.